स्टीलची स्प्रिंग की हवेचा फुगा?

उंच, अडीच टनांच्या आसपासची एसयूव्ही वळणावर कलणारच. ते कलणं कसं आवरायचं, यावर सस्पेन्शनच्या, म्हणजे चाकं आणि गाडी यांच्यामधल्या धक्के झेलणाऱ्या यंत्रणेच्या, दोन पर्यायांतला खरा फरक ठरतो.

पहिला पर्याय म्हणजे नेहमीच्या स्टीलच्या स्प्रिंगसोबत अ‍ॅडॅप्टिव्ह डॅम्पर. डॅम्पर म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणारा, तेल भरलेला शॉक अब्सॉर्बर. या पर्यायात स्प्रिंग बदलत नाही. बदलतो तो डॅम्परचा विरोध. काही डॅम्परमध्ये झडप तेलाची वाट अरुंद करते. २००२ साली कॅडिलॅकने आणलेल्या मॅग्नेराइड या डॅम्परमध्ये तेलातच लोहकण असतात आणि चुंबकीय क्षेत्र मिळताच ते तेल काही मिलिसेकंदांत घट्टपणा दाखवतं. स्टिअरिंग वळवल्यावर गाडी जो चटकन, सरळ प्रतिसाद देते, तो मला इथेच जास्त आवडतो.

एअर सस्पेन्शनमध्ये स्प्रिंगच्या जागी हवा भरलेला रबरी फुगा असतो, आणि बहुतेकदा त्याच्या जोडीला अ‍ॅडॅप्टिव्ह डॅम्परही. वेग वाढला की गाडी खाली बसते, गुरुत्वमध्य उतरतो. खडकाळ वाटेवर तीच उंच होते. मागे सामान लादलं किंवा ट्रेलर जोडला तरी गाडी समतल राहते, त्यामुळे हाताळणी बिघडत नाही. स्टीलला हे जमत नाही. मात्र फुगा गळू शकतो, त्यात हवा भरणारा कॉम्प्रेसर थकतो, आणि दुरुस्ती महाग पडते.

कलणं मात्र दोन्हींत पूर्ण जात नाही. त्यासाठी डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा आणि स्वतः जोर लावून कलणं रोखणारा अ‍ॅक्टिव्ह अँटी-रोल बार वेगळा घ्यावा लागतो. बेंटले बेंटायगा या एसयूव्हीत ४८ व्होल्टवर चालणारा असा बार मिळतो.

घाटवळणांची आवड असेल आणि ओझं कमी असेल तर स्टील घ्या. लांब पल्ला, भरलेली गाडी, ट्रेलर असेल तर हवाच.