१९६९-एस पेनी: "एससुद्धा डबल आहे बघा, काका"

एक पेनी, म्हणजे अमेरिकेचं एक सेंटचं नाणं, १,६५० डॉलरला, दुसरी २७५ डॉलरला. वर ग्रेडिंगची, म्हणजे नाणं तपासून दर्जा ठरवून घेण्याची फी, टपाल आणि विमा मिळून ९४. एकूण २,०१९ डॉलर गेले आणि हातात राहिली ती दोन साधी नाणी. विकणाऱ्या माणसाचं नाव इथे लिहू नका, असा वकिलाचा सल्ला आहे, म्हणून लिहीत नाही. पण तो न्यू जर्सीत फिरतो, छान मराठी बोलतो, काका-काकू म्हणत कार्यक्रमांतून ओळखी काढतो. त्याची पुढची गिऱ्हाइकं आपल्यातलीच असणार, म्हणून हे मराठीत लिहितोय.

१२ नोव्हेंबर २०२५ ला फिलाडेल्फियाच्या टाकसाळीत चलनासाठीची शेवटची पेनी पडली आणि घरोघरी चिल्लरच्या बरण्या उपसणं सुरू झालं. असल्या लोकांना तेवढंच पुरतं.

मी नाणी जमवण्याच्या छंदात नवखा नाही, हे आधी सांगतो. शिवराई, राणीछाप रुपये, संस्थानी पैसे मी कित्येक वर्षं जमवतोय. नकली शिवराई वजनावरून आणि अक्षरांच्या वळणावरून ओळखतो. पण लिंकन सेंटचं, म्हणजे या पेनीचं, शास्त्र निराळं आहे आणि माझी ही बाजू कच्ची आहे, हे त्याने पहिल्या दोन वाक्यांत हेरलं असणार.

त्याने आधी दाखवली १९५५ ची डबल्ड डाय, म्हणजे साच्यातच अक्षरं दुहेरी उमटलेली पेनी, सीलबंद स्लॅबमध्ये, म्हणजे ग्रेडिंग झालेल्या नाण्याच्या प्लास्टिकच्या डबीत. मी स्लॅबवरचा नंबर तिथल्या तिथे फोनवर ताडून पाहिला. शंभर टक्के खरी. त्या साली फिलाडेल्फियात एका साच्यावर ठसा दोनदा उमटला, तोही किंचित फिरून. अशी वीस हजारांवर नाणी बाहेर पडली, बरीचशी सिगारेटच्या मशीनमधल्या पाकिटांत सुट्टे पैसे म्हणून. साल आणि नाण्यावरचा 'लिबर्टी' हा शब्द नुसत्या डोळ्यांनी दुहेरी दिसतात. ते नाणं मला विकायचं नव्हतंच. माझा विश्वास बसावा, एवढंच त्याचं काम.

मग कागदी होल्डरमधली १९६९-एस, म्हणजे सॅन फ्रान्सिस्कोच्या टाकसाळीची, 'एस' अक्षराची पेनी, बाहेर आली. सोबत छापील कागद: २००८ च्या लिलावात असल्या एका नाण्याला १,२६,५०० डॉलर. ही बातमीही खरी आहे. "काका, स्लॅब नाही म्हणून १,६५०. मला घराच्या डाउन पेमेंटची घाई आहे, नाहीतर सोडलं नसतं." मी भिंग लावलं. साल दुहेरी, लिबर्टी दुहेरी. आणि तोच म्हणाला, "एससुद्धा डबल आहे बघा, काका. म्हणजे किती दुर्मीळ!"

तिथेच उठायला हवं होतं. ते वाक्य आठवलं की आजही झोप उडते. डबल्ड डाय होते ती साचा घडताना. मूळ ठशाचा दाब साच्यावर एकाहून जास्त वेळा द्यावा लागे आणि मधे साचा जरा हलला की अक्षरं दुहेरी. पण सॅन फ्रान्सिस्कोचा एस त्या ठशात नसायचाच. तो काम चालणाऱ्या साच्यावर नंतर वेगळा, हाताने ठोकायचे. म्हणजे खऱ्या १९६९-एस डबल्ड डायमध्ये साल दुहेरी आणि एस एकेरी. साल आणि एस दोन्ही एकाच दिशेला सरकलेले दिसले, तर ती मशीन डबलिंग: नाणं पडून गेल्यावर सैल साचा घसटला, बस्स. त्याला कवडीची किंमत नाही. त्याने नाण्याचा दोषच दुर्मीळपणा म्हणून दाखवला आणि मी मान डोलावली. हॉलचा उजेड पिवळा होता, माझ्या मागे दोघे थांबले होते, आणि नुकतंच खरं नाणं पाहिलेल्या डोळ्यांना समोर तेच दिसत होतं. माझ्या जागी दुसरा कोणी असता तर वेगळं झालं असतं, असं मला वाटत नाही.

दुसरी पेनी १९५५ ची, २७५ ची. तिच्यात फक्त शेवटचा पाच दुहेरी. साचा झिजला की असं होतं. अमेरिकेत हिला गरिबाची डबल्ड डाय म्हणतात आणि ती दोन-चार डॉलरला मिळते.

ग्रेडिंगहून नाणी परत आली तेव्हा त्याचा फोन बंद.

बँक म्हणाली, पैसे तुम्ही स्वतः ॲपवरून पाठवलेत, व्यवहार अधिकृत आहे. पोलिसांनी नोंद घ्यायलाच तासभर घातला आणि सांगितलं, ही दिवाणी बाब आहे. नकली नाण्यांचं पाहणाऱ्या सरकारी कचेरीत गेलो, तर तिथला अधिकारी म्हणतो, "नाणं खरं आहे ना? मग गुन्हा कुठला?" खरं आहे हो! सरकारी टाकसाळीतलं एक सेंटचं खरं नाणं आहे, म्हणून तर हा चोर मोकळा आहे! याच १९६९-एसच्या खऱ्या नाण्यांना सरकारने सुरुवातीला नकली समजून जप्त केलं होतं. तेव्हा एवढी दक्षता होती आणि आता भिंगातून पाहायचीही तसदी नाही. विकणाऱ्याने लेखी संदेशात फक्त 'जबरदस्त डबलिंग' लिहिलं, 'डबल्ड डाय' एकदाही नाही. ते सगळं तोंडी. तक्रार पोर्टलवरून आलं एक यांत्रिक उत्तर, त्यापुढे काही नाही. ग्राहक कार्यालयाने मला परत पोलिसांकडे पाठवलं. कर भरायला आम्ही, दाद मागायला गेलो की खिडकी बंद.

स्लॅब नसलेली १९६९-एस कुणाकडूनही घेऊ नका, सख्ख्या भावाकडूनही. पैसे कार्डाने द्या. थेट बँकेतून गेलेले परत येत नाहीत. आधी एस पाहा, साल नंतर. मशीन डबलिंग सपाट, पायरीसारखी असते आणि अक्षर बारीक करते. खऱ्या दुहेरीत अक्षर रुंद होतं, कोपऱ्यांना खाच दिसते, कडा गोलसर राहतात. १९७२ च्या प्रसिद्ध दुहेरी पेनीवर मिंटमार्क, म्हणजे एससारखं टाकसाळीचं अक्षर, नसतो, असला तर सोडून द्या. १९४३ च्या पेनी पोलादाच्या, तांब्याची दुर्मीळ; ती म्हणून कुणी पुढे केली तर आधी लोहचुंबक लावा, चिकटली तर पोलादीवर मुलामा आहे. पण न चिकटणारीही लगेच घेऊ नका, १९४८ चा आठ घासून तीन करतात. आणि विकणारा दुसरं खरं नाणं आधी दाखवत असेल, तर का दाखवतोय ते त्याला तोंडावर विचारा.

आणखी तक्रारदार पुढे आले तर फाइल पुन्हा उघडू, असं पोलिसांनी तोंडी सांगितलंय. कागदी होल्डरमधली १९६९-एस ज्यांनी अलीकडे न्यू जर्सीत एखाद्या मराठी माणसाकडून घेतली असेल, त्यांनी होल्डर फेकू नका, संदेश पुसू नका आणि मला कळवा. माझ्या होल्डरवर निळ्या शाईत साल लिहिलंय आणि सहाच्या खाली टिंब आहे. तुमच्याही असेल तर तो एकाच हाताचा आहे.