परेरांचं कुलचिन्ह आणि माझे ३९,३०० रुपये

गेल्या डिसेंबरात आईबाबांच्या लग्नाला पन्नास वर्षं झाली. भेट काय द्यावी या विचारात नाताळच्या खरेदीला मुंबईतल्या एका मॉलमध्ये गेलो आणि तिथे तो स्टॉल दिसला. मागे मखमली पडदा, त्यावर रंगीत ढाली टांगलेल्या. डिसोझा, फर्नांडिस, लोपीस. मी परेरा असं सांगताच मुलाने ते लॅपटॉपवर टाईप केलं आणि स्क्रीनवर लाल ढाल उमटली. तिच्यावर चंदेरी क्रूस, चारही टोकं फुलासारखी उमललेली, मधून पोकळ. "सर, हा तुमच्या घराण्याचा कोट ऑफ आर्म्स. पाचशे वर्षं जुना आहे." फ्रेमसकट ३,८०० रुपये. मी घेतली आणि फोन नंबर लिहून दिला.

आठ दिवसांनी फोन आला. बोलणारा माणूस अतिशय अदबशीर. म्हणाला, "चित्र कोणीही विकत घेईल, पण लिस्बनच्या शाही दप्तरात नोंद झाली की चिन्ह कायदेशीर तुमच्या कुटुंबाचं होतं." मग त्याने संत नुनो आल्वारिश परेरांचं नाव काढलं. हे पोर्तुगालचे सेनापती. १३८५ ची अल्जुबारोताची लढाई त्यांनी जिंकून दिली, उतारवयात कार्मेलाइट मठात गेले आणि २००९ मध्ये पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी त्यांना संतपद दिलं. "तुम्ही त्यांच्या वंशातले आहात, सर." माझे बाबा रोज पहाटेच्या मिस्साला जाणारे. त्यांना हे सांगता येईल एवढं एकच माझ्या डोक्यात आलं. नोंदणीचे २४,५०० आणि चार दिवसांनी 'कस्टम आणि कुरिअर'चे ११,००० मी यूपीआयने भरले.

आलेला कागद जाड, पिवळसर, कडा मुद्दाम जाळल्यासारख्या. खाली लाल लाखेची मोहोर, उजव्या कोपऱ्यात नोंदणी क्रमांक. मजकूर असा, की आमचे मूळपुरुष कप्तान परेरा यांना राजाने १५१० साली वसईत हे चिन्ह बहाल केलं. बाबांनी चष्मा लावून, ओळीखाली बोट धरून तो दोनदा वाचला. आयुष्यभर केळीच्या वाडीत राबलेला माणूस. वाचून झाल्यावर त्यांनी हात धुतले आणि मग फ्रेमला हात लावला.

सुवर्णमहोत्सवाच्या जेवणाला आमचे फादर आले होते. पाहुणे गेल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. "वसई पोर्तुगीजांकडे आली १५३४ च्या तहाने, गुजरातच्या बहादूरशाहकडून. १५१० साली ते इथे कुठून चिन्ह देणार? आणि ही राजाची मोहोर म्हणतोस, तर पोर्तुगालात १९१० पासून राजाच नाही. तिथे प्रजासत्ताक आहे." वसईच्या किल्ल्याच्या सावलीत वाढलेल्या माणसाला ही सनं पाठ असायला हवीत, आणि मला होतीही. तरी तो कागद वाचताना ती आठवली नाहीत. इथेच मी फसलो, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

कारण ही फसवणूक साधी खोट्या चित्राची नाही. चित्र अगदी खरं आहे. लाल ढालीवरचा तो पोकळ फुलोरी क्रूस खरोखरच पोर्तुगालच्या एका परेरा घराण्याचा. सिंत्राच्या राजवाड्यात मानुएल पहिला या राजाने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला एका दालनाच्या छतावर ७२ सरदार घराण्यांच्या ढाली रंगवून घेतल्या, त्यांत परेरांचीही आहे. आपण नेटवर शोधलं की हेच चित्र समोर येतं आणि विश्वास बसतो. खोटा आहे तो चित्र आणि आपण यांच्यामधला धागा. पोर्तुगालात राजाच्या काळात असं चिन्ह वापरायचं तर आधी वंशावळ सिद्ध करावी लागे, मग त्या माणसाच्या नावे सनद निघे. नुसतं आडनाव जुळून भागत नसे. इंग्लंडात १४८४ पासून हे काम करणारी कॉलेज ऑफ आर्म्स ही संस्था आजही हेच सांगते, की चिन्ह व्यक्तीला आणि तिच्या वंशजांना मिळतं, आडनावाला नाही. एकाच आडनावाच्या, एकमेकांशी काही नातं नसलेल्या घरांची चिन्हं वेगवेगळी असतात.

आणि संत नुनोंचं म्हणाल, तर त्यांची वंशरेषा त्यांच्या एकुलत्या एक मुलीकडून ब्रागांझा घराण्यात गेली. त्यांच्यापासून परेरा आडनाव चालत वसईपर्यंत आलं, ही गोष्ट उभीच राहू शकत नाही.

आमच्याकडे ही आडनावं आली कशी, हे वसईतल्या जुन्या माणसांना ठाऊक आहे. बाप्तिस्मा देणाऱ्या पाद्र्याचं किंवा बाप्तिस्म्याला साक्षीला उभा राहणाऱ्या धर्मपित्याचं आडनाव नव्या ख्रिस्ती माणसाला लागत असे. आम्हाला कुपारी म्हणतात तो शब्दसुद्धा पोर्तुगीज 'कोंपाद्रे'वरून, म्हणजे धर्मपित्याच्या नात्यावरून आला असं मानतात. एका वाडीतले परेरा आणि पलीकडच्या गावातले परेरा यांचं रक्ताचं नातं असेलच असं नाही, मग लिस्बनच्या परेरांशी कुठून असणार? वसईच्या किल्ल्यात पडक्या चर्चच्या जमिनीवर पोर्तुगीज सरदारांच्या थडग्यांचे दगड आहेत, काहींवर ढाली कोरलेल्या आहेत. लहानपणी आम्ही त्यांच्यावरून धावायचो. त्या ढाली त्यांच्या. आमच्या पूर्वजांची नावं बाप्तिस्म्याच्या वहीत आहेत. फादरांनी ती वही काढून दाखवली तेव्हा एक पैसा पडला नाही. पणजोबांचं नाव, त्यांच्या आईबापांची नावं, धर्मपित्याचं नाव, सगळं एका ओळीत, शाई तपकिरी झालेली. मी ती ओळ उतरवून बाबांना दिली. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग धर्मपित्याचं नाव त्यांनी मला पुन्हा वाचायला सांगितलं.

फोन केला तर तो नंबर बंद. मॉलच्या ऑफिसात कळलं की स्टॉल दहा दिवसांच्या भाड्यावर होता. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली, सायबर क्राइमच्या पोर्टलवर पावत्या चढवल्या. पण पैसे भरून तोवर तीन आठवडे झाले होते आणि पुढचं खातं रिकामं निघालं. असा व्यवहार झाला असेल तर त्याच दिवशी, शक्य तर त्याच तासात १९३० ला फोन करा, तेव्हाच रक्कम थांबवता येण्याची शक्यता असते. फोनवर कोणी शाही दप्तर, राजाची नोंदवही, वंशाचं प्रमाणपत्र असे शब्द काढले तर तिथेच फोन ठेवा. भिंतीवर लावायला नुसतं चित्र हवं असेल तर जरूर घ्या, पण चित्राची किंमत देऊन घ्या.

गेल्या महिन्यात चुलतबहिणीकडे गेलो, ती लग्नानंतर लोपीस झाली. तिच्या हॉलमध्येही तसाच जळक्या कडांचा कागद. 'कप्तान लोपीस', साल तेच १५१०, आणि उजव्या कोपऱ्यातला नोंदणी क्रमांक माझ्याच कागदावरचा, शेवटच्या आकड्यापर्यंत. तिनेही पैसे भरले होते, घरात कोणाला सांगितलं नव्हतं. आता दोघांनी मिळून पोलिसांत लेखी अर्ज दिला आहे. तुमच्या घरी असा कागद असेल तर तो फाडू नका, पाकिटासकट जपून ठेवा आणि आम्हाला कळवा. एकाच क्रमांकाचे कागद जितके जास्त जमतील तितका आमचा अर्ज जड होईल.