कॅमलची रॉयल ब्लू शाई: चार महिने वापरल्यावर

मी मालिकांचे संवाद लिहिते. सहा वर्षं जवळपास रोज एक एपिसोड, म्हणजे 22 मिनिटांचं बोलणं. सकाळी सातच्या शिफ्टला सीन सेटवर हवा. गुरुवारी टीआरपी आला की लिहिलेलं रातोरात बदलायचं. गेल्या पावसाळ्यात लॅपटॉप उघडला की पोटात गोळा यायला लागला. सासू आणि सून एकाच आवाजात बोलतायत हे मला दिसत होतं, पण दुरुस्त करता येत नव्हतं. काम सोडलं. दोन महिने वाण्याची यादीसुद्धा लिहिली नाही.

ही शाई आणली ती भाचीसाठी. तिच्या शाळेत शाईपेन सक्तीचं झालं होतं. तिचं पेन भरून देताना माझ्या मधल्या बोटाच्या पेरावर निळा डाग पडला, आणि तो धुवायचं माझ्या मनात येईना. दुसऱ्या दिवशी स्वतःसाठी पेन आणि दौत घेऊन आले.

दांडेकरांनी 1931 साली मुंबईत शाईपासूनच हा धंदा सुरू केला. आता कंपनी जपानी कोकुयोकडे आहे. दौतीवरचा उंट मात्र तोच, माझ्या वडिलांच्या टेबलावरचा.

शाई पातळ, छान वाहते. ओली असताना गडद दिसते, वाळली की थोडी फिकी होते. पाणी पडलं तर अक्षरं गेलीच म्हणून समजा, त्यामुळे जपून ठेवायच्या कागदांसाठी ही घेऊ नका. कागदही बरा लागतो. कोपऱ्यावरच्या दुकानातल्या स्वस्त वहीत शाई इतकी फुटली की मागचं पान वाया गेलं. महिन्यातून एकदा निब साध्या पाण्यात धुवा, आणि टोपण उघडं ठेवून चहाला उठू नका.

मला या शाईनं खरं काय दिलं तर पुसायची सोय काढून घेतली. लॅपटॉपवर मी एक वाक्य लिहायचे आणि चार पुसायचे. इथे चुकलेल्या शब्दावर रेघ मारायची आणि पुढे जायचं. तो शब्द रेघेखाली दिसत राहतो, आणि कधीकधी तोच बरा होता हे दोन ओळींनंतर कळतं.

पहिल्यांदा लिहिलं ते राजापूरच्या मावशीला पत्र. तिचं उत्तर आलं, “तुझं अक्षर अजून डावीकडेच कलतं गं. गंगा आली होती तेव्हा आजीनं तुला चौदाही कुंडांवर नेलेलं, आठवतं का?”

आठवत होतं. राजापूरची गंगा म्हणजे अधूनमधून अचानक वाहू लागणारे झरे. पाण्याचा गारवा, आजीचं ओलं नऊवारी, दगडी पायऱ्यांवर घसरू नये म्हणून तिनं माझं मनगट घट्ट धरलेलं. ते लिहायला बसले ते 41 पानं झाली. कुणी मागितलेलं नाही, कुठे द्यायचंही ठरलेलं नाही. मालिकेचं काम परत घेतलंय, आठवड्याला तीनच एपिसोड, आणि ते लॅपटॉपवरच. सकाळचा पहिला तास मात्र दौतीचा. काल दुसरी आणली.