लाइट स्पिनिंग सेट आणि चार पौंडी तंगूस: न्यू जर्सीच्या वसंतात साडेतीन महिने वापरल्यानंतर

सेट असा आहे: साडेसहा फुटी, दोन तुकड्यांचा ग्राफाइट रॉड (पॉवर लाइट, म्हणजे हलक्या ताकदीचा, अ‍ॅक्शन फास्ट, म्हणजे टोकाकडेच वाकणारा), १००० साइझचं स्पिनिंग रीळ आणि त्यावर ४ पौंडी मोनो तंगूस, म्हणजे चार पौंडांची ओढ सोसणारी एकपदरी नायलॉनची दोरी. वापर मार्चच्या मध्यापासून जूनच्या अखेरीपर्यंत, आठवड्यातून दोनदा. बहुतेक वेळा मर्सर लेक आणि फॅरिंग्टन लेक, मधूनच होपॅटकाँग. बोट नाही, सगळं गरवणं काठावरून. मासे म्हणजे क्रॅपी, ब्लूगिल, पम्पकिनसीड आणि लार्जमाउथ बास. पहिले तिघे पॅनफिश, म्हणजे अख्खे तव्यावर मावणारे. ब्लूगिल पाहिला नसेल तर आपली चिलापी डोळ्यापुढे आणा, पण बुटकी, तळहाताएवढी, आणि कल्ल्यामागे काळा ठिपका असलेली.

निकाल आधीच सांगतो. पॅनफिशसाठी हा सेट डोळे मिटून घ्यावा. बाससाठी याच तंगुसावर भागवू नये, निदान एप्रिल-मेमध्ये तरी नाही.

दुकानात अल्ट्रालाइट, म्हणजे याहूनही नाजूक रॉड हातात देतात आणि तो हलवून पाहायला फार गोड वाटतो. तरीही लाइट बरा. क्रॅपीसाठी लावलेल्या जिगवर (डोक्याला वजन असलेल्या गरीवर) दीड-दोन पौंडांचा बास हमखास येतो आणि अल्ट्रालाइट रॉड त्याला पाणवनस्पतीत शिरण्यापासून रोखू शकत नाही. लाइट रॉडचा तोटा एकच: १/३२ औंसाचा, म्हणजे जेमतेम एक ग्रॅमचा जिग नुसता फेकला तर पंधरा-वीस फुटांपलीकडे जात नाही. वर बुच (पाण्यावर तरंगणारा फ्लोट) लावलं की त्याच्या वजनावर तो व्यवस्थित जातो.

पहिली तक्रार मार्चमध्येच आली. थंडीत मोनो तंगुसाला स्पूलची (रिळाच्या, तंगूस गुंडाळायच्या चकतीची) सवय लागते आणि तो स्प्रिंगसारखी वेटोळी घेत सुटतो. फेक आखूड पडते आणि टिचकी, म्हणजे माशाने आमिष घेतल्याचा हिसका, कळत नाही, कारण मासा ओढतो तेव्हा आधी वेटोळी सरळ होतात. उपाय सोपा आहे. निघण्यापूर्वी स्पूल काढून दहा मिनिटं कोमट पाण्यात ठेवावा, आणि तळ्यावर पोचल्यावर तीसेक यार्ड तंगूस झाडाला बांधून हलकेच ताणून धरावा. स्पूल काठोकाठ भरू नये, कडेपासून तीन मिलिमीटर जागा सोडावी. दुकानातून भरून आलेला स्पूल बऱ्याचदा तुडुंब असतो आणि पहिल्याच तासात त्याचा गुंता होतो.

दुसरी गोष्ट पीळ. तंगूस सैल सोडल्यावर दोन पदर आपोआप एकमेकांत गुंफले गेले तर पीळ बसलाय असं समजावं. कारणं तीन. फेकल्यावर बेल (रिळावरची तारेची कमान) हँडल फिरवून बंद करणं, मासा ड्रॅग (ठरावीक ओढीला तंगूस सोडणारा रिळाचा ब्रेक) ओढत असताना रीळ फिरवत राहणं, आणि स्पिनर (पाण्यात गरगर फिरणारं आमिष) स्विव्हलशिवाय, म्हणजे फिरत्या कडीशिवाय बांधणं. बेल दर वेळी हातानेच बंद करावी आणि लगेच तंगूस बोटाने ताणून घ्यावा. मासा ओढत असेल तेव्हा हँडल थांबवावं, तो थांबला की फिरवावं. पीळ बसलाच तर आमिष काढून नुसता तंगूस वाहत्या पाण्यात पन्नास यार्ड सोडावा, पाच मिनिटांत उलगडतो.

ड्रॅग किती घट्ट ठेवायचा, हे अंदाजाने ठरवू नये. तंगुसाच्या ताकदीचा पाव भाग पुरतो, म्हणजे ४ पौंडीला एक पौंड, साधारण साडेचारशे ग्रॅम. पाण्याची अर्ध्या लिटरची बाटली थोडी कमी भरून तंगुसाला बांधावी आणि तंगूस रॉडमधून न नेता थेट रिळातून सोडून, रीळ धरून उचलावी. बाटली जमिनीवरून सुटते आणि सावकाश, गचका न देता खाली उतरू लागते, तो ड्रॅग बरोबर. आधी अडून मग एकदम सुटत असेल तर वॉशर दबलेत. रीळ आठवडाभर ड्रॅग आवळून ठेवलं की हेच होतं, म्हणून घरी आल्यावर ड्रॅग पूर्ण सैल करायचा.

बिघाड दोनच झाले. मे महिन्यात रॉडच्या टोकाच्या गाइडमधल्या (तंगूस जातो त्या कडीतल्या) चिनीमातीच्या कड्याला चीर गेली. ती डोळ्यांना दिसत नव्हती, पण तंगूस वारंवार एकाच जागी तुटत होता. कान साफ करायची कापसाची काडी गाइडमधून फिरवली की तंतू अडकतात आणि चीर सापडते. टोकाचं गाइड पाच-सहा डॉलरला मिळतं. जुनं गरम करून सोडवायचं आणि नवं हॉट ग्लूने बसवायचं. दुसरं म्हणजे दोन तुकड्यांचा जोड सैल होऊन फेकताना पुढचा तुकडा सुटत होता. त्यावर साधी मेणबत्ती घासली. तेलाचा एक थेंब लाइन रोलरवर (बेलवरच्या, तंगूस जातो त्या चाकावर) महिन्यातून एकदा घालावा. रोलर अडकला की पीळ वाढतो.

आता यापेक्षा महत्त्वाचं. या सगळ्या खरेदीत सर्वांत उपयोगी ठरला तो दोरी बांधलेला, तळ्यात सोडायचा दहा डॉलरचा थर्मामीटर. वसंतात मासे तारखेने हलत नाहीत, पाण्याच्या उबेने हलतात. पाणी ४८ ते ५५ फॅरनहाइट झालं की क्रॅपी खोल पाण्यातून कडेकडे सरकू लागतात, ६० ते ६८ला अंडी घालतात. बास साठीच्या घरात घरटी करतात. ब्लूगिलचा जमाव सत्तरच्या आसपास. एकाच तळ्याच्या दोन काठांवर पाच अंशांचा फरक सहज निघतो. उत्तरेकडच्या उथळ खाड्या आधी तापतात, कारण दक्षिणेकडून येणारं ऊन त्यांच्यावर पडतं आणि उत्तरेचा वारा काठ अडवतो. तळाला काळा गाळ असेल तर आणखी लवकर. त्यामुळे दुपारी तीननंतरचा एक तास पहाटेच्या तीन तासांपेक्षा जास्त देतो, हे उन्हाळ्यात शिकलेल्याला पटायला वेळ लागतो. थर्मामीटर नसेल तर फोर्सिथियाची पिवळी झुडपं फुलली की क्रॅपी शोधायला लागा, डॉगवुड फुलला की ते काठाशी असतात.

क्रॅपीसाठी सरकतं बुच. तंगुसावर आधी थांबा-गाठ, मग छोटा मणी, मग पोकळ नळीचं बुच, खाली १/१६ किंवा १/३२ औंसाचा जिग. थांबा-गाठ वर-खाली सरकवली की खोली बदलते आणि गाठ गुंडाळली जात असल्याने फेकताना अडत नाही. सुरुवात दोन फुटांवर करून दर दहा मिनिटांनी अर्धा फूट वाढवावी. क्रॅपी वर पाहून खातो, त्यामुळे जिग माशाच्या वर असेल तरच टिचकी मिळते. जिगची गाठ त्याच्या डोळ्याच्या, म्हणजे तंगूस बांधायच्या कडीच्या, वरच्या बाजूला सरकवून ठेवावी, म्हणजे तो आडवा लटकतो. पुढे सरकली की शेपटीवर उभा राहतो आणि टिचक्या घटतात. दर दोन-तीन माशांनंतर हे पाहावं.

आणि क्रॅपीची टिचकी बुच बुडवतेच असं नाही. तो जिग तोंडात घेऊन वर उचलतो, वजन सुटतं आणि उभं बुच पाण्यावर आडवं पडतं. नवखा ते वाऱ्याने पडलं समजून वाट बघत बसतो. आडवं पडल्याक्षणी मनगट वळवावं, बस. झटका मारला तर कागदासारखा ओठ फाटतो. लाइट रॉडचं मऊ टोक इथेच कामाला येतं.

ब्लूगिलला ८ किंवा १० नंबरची लांब दांड्याची गरी आणि अर्धा इंच गांडूळ, त्याहून जास्त नाही. अख्खं गांडूळ लावलं की तो शेपटी कुरतडून निघून जातो. मेअखेरीपासून उथळ वाळूत ताटलीएवढे गोल खळगे शेजारी शेजारी दिसतात, ती त्यांची वसाहत. तिथे सगळ्यात मोठे, छाती केशरी झालेले नर परत सोडावेत आणि मधल्या आकाराचे न्यावेत. मोठे नरच अंडी राखतात, आणि ते सतत नेले की त्या तळ्यातले ब्लूगिल पुढे लहानच राहतात. पकडताना हात ओला करून डोक्याकडून मागे पाठीचे काटे दाबत जावं.

बासचं मात्र मनापासून सांगतो. नर घरट्यावर पहारा देतो आणि तो हलला की अंडी खायला हेच ब्लूगिल टपलेले असतात. ४ पौंडी तंगुसावर तीन पौंडांचा बास पाच-सात मिनिटं खेळवावा लागतो. मासा थकून जातो आणि घरटं तेवढा वेळ उघडं पडतं. म्हणून याच रिळाचा दुसरा स्पूल घेऊन त्यावर १० पौंडी ब्रेड (विणलेला तंगूस) आणि पुढे तीन फूट ८ पौंडी फ्लुरोकार्बन (पाण्यात कमी दिसणारा तंगूस) जोडला. बास दोन मिनिटांत हातात येतो. पाच इंची मऊ रबरी अळी सुमारे दहा ग्रॅमची असते आणि या रॉडची मर्यादा १/४ औंस, म्हणजे सात ग्रॅम. ती फेकताना रॉड मधून वाकतो, तेव्हा चार इंची वापरावी आणि गरी बरोबर मध्यावर टोचावी. न्यू जर्सीत १५ एप्रिल ते १५ जून बास पकडला तरी लगेच सोडावा लागतो. वय १६ झालं की लायसन्स लागतं आणि ते डिसेंबरअखेर संपतं. दर वर्षीची नियमपुस्तिका पाहून घ्यावी.

खायचं तर पॅनफिशच. मोठ्या शिकारी माशांत पारा जास्त साठतो आणि राज्याचा पर्यावरण विभाग कोणत्या पाण्यातला कोणता मासा किती खावा, हे प्रसिद्ध करतो. सात इंची ब्लूगिल खवले काढून, दोन्ही बाजूंना तिरक्या चिरा पाडून, आगळ, लसूण, हळद, तिखट लावून अर्धा तास ठेवावा आणि तांदळाचं पीठ मिसळलेल्या रव्यात घोळवून बिडाच्या तव्यावर तळावा. बरगडीचे काटे बारीक असतात, मुलांना वाढताना पाठीचं मांस काढून द्यावं.

१००० साइझच्या रिळाचा जादा स्पूल सुटा मिळतोच असं नाही, तेव्हा सेट घेतानाच तो मिळतो का विचारा. मिळत नसेल तर दुसरं रीळ पाहा.