फ्लॉरेन्सचं शाईचित्र: दहा महिने डोंबिवलीच्या भिंतीवर

गेल्या ऑक्टोबरात फ्लॉरेन्सला गेलो होतो. पियाझ्झाले मिकेलांजेलो या उंचावरच्या चौकाच्या कठड्यापाशी एक चित्रकार बाई मांडीवर पाट घेऊन बसल्या होत्या. प्रिंट पंधरा युरोंना होती, शाई आणि जलरंगातलं मूळ चित्र नव्वदला. मी मूळ घेतलं. नवऱ्याने एकदा माझ्याकडे पाहिलं, बोलला काही नाही.

चित्रात डावीकडे पोन्ते वेक्यो हा जुना पूल, मग पालात्सो वेक्यो या नगरभवनाचा मनोरा, पुढे कथीड्रलचा, ज्योत्तोचा घंटामनोरा आणि त्याला लागून त्याच कथीड्रलचा, ब्रुनेलेस्कीने बांधलेला घुमट. मनोरा जरा उंच झालाय, पण तिथून तो डोळ्यांत भरतोच. घुमटावर मात्र जीव ओतलाय. कौलांचा विटकरी रंग एकाच ओल्या हाताने दिलाय. घुमटाच्या पांढऱ्या कण्यांना रंग लावलेलाच नाही, तिथे कोरा कागद सोडलाय. हे कळायला मला महिना लागला.

आईला मात्र पहिल्याच दिवशी दुसरंच दिसलं. "अगं, घुमटाखाली एकाच बाजूला नक्षी आहे. बाकीची काढायची राहिली वाटतं?" मलाही वाटलं, बाईंनी कंटाळा केला असेल. डिसेंबरात आमचेच फोटो मोठे करून पाहिले, तर खरोखरच तसं आहे! घुमट १४३६ मध्ये पुरा झाला, पण त्याखालच्या पट्ट्यावरचा संगमरवरी सज्जा आठांपैकी एकाच बाजूला आहे, बाकी बाजू उघड्याबोडक्या. वास्तुकार बाच्चो दान्योलोने एक बाजू उभारली, शिल्पकार मिकेलांजेलो तिला रातकिड्यांचा पिंजरा म्हणाला असं सांगतात, आणि काम थांबलं ते थांबलंच. मी तिथे तासभर उभी होते, फोटोही काढले, पण पाहिलं नव्हतं. बाईंनी पाहिलं होतं. माझे नव्वद युरो तिथेच वसूल झाले.

आता तक्रारी. पहिले तीन महिने चित्र पश्चिमेच्या खिडकीसमोर होतं. आकाशातला गुलाबी जवळजवळ उडाला. कौलं जशीच्या तशी, मातीचा रंग तो. चूक माझीच, उन्हात लावू नका असं बाईंनी बजावलं होतं.

दुसरं, फ्रेम. इथल्या एका फ्रेमवाल्याने माउंट, म्हणजे काच कागदापासून दूर ठेवणारी पुठ्ठ्याची चौकट, न लावता काच थेट कागदावर बसवली आणि मागे साधा पुठ्ठा ठोकला. जुलैत काचेच्या आतून दमटपणा धरला, कोपऱ्यात तपकिरी ठिपके उठले, कागदाला लाटा आल्या. शाई पसरली नाही, हे नशीब. दुसरीकडे उघडून घेतलं, माउंट घालून काच दूर ठेवली, मागे आम्लरहित बोर्ड लावला. चित्राच्या निम्मे पैसे त्यातच गेले. लाटा बऱ्याच बसल्या, ठिपके राहिले.

आकारही लहान पडला. वहीच्या पानाएवढं चित्र सोफ्यावरून बघितलं तर लाल ठिपकाच दिसतो. म्हणून आता ते जेवणाच्या टेबलाशेजारी, नजरेच्या उंचीवर, उन्हापासून लांब आहे.

आणि घेणार असाल तर दोन पुठ्ठ्यांत सपाट ठेवून हातातल्या सामानात आणा. आमचं नळीत गुंडाळून आलं. जाड कागद तो, दोन आठवडे जाडजूड शब्दकोशाखाली दाबून ठेवावा लागला.