‘एकच तिकीट राहिलंय भावा’: कॉन्सर्टच्या नावाखाली चाललेली लूट

कोल्हापुरात क्लासिक रॉक ऐकणारी माणसं मोजकी आहेत, पण आहेत ती पक्की आहेत. शिरोलीच्या फौंड्रीत शिफ्ट करायची, शाहूपुरीत दुकान सांभाळायचं आणि रात्री जेवण झाल्यावर हेडफोन लावून डीप पर्पलसारखा जुना इंग्लिश रॉक बँड ऐकायचा, असा हा वर्ग. बाहेरचे मोठे बँड आपल्या गावात येत नाहीत. यू टू १५ डिसेंबर २०१९ला वाजवून गेले ते नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियममध्ये, गन्स अँड रोझेस १७ मे २०२५ला मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर. म्हणजे कोल्हापूरकराला आधी तिकीट, मग रजा, मग रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस किंवा ट्रॅव्हल्स, मग मुक्कामाची सोय, एवढं सगळं घरबसल्या, विकणाऱ्याचं तोंडही न बघता ठरवावं लागतं. भामट्याला नेमकं हेच हवं असतं.

दुसरी गोष्ट वयाची. या संगीताचे मूळ वादक आता सत्तरी-पंचाहत्तरीत आहेत. ब्लॅक सॅबथ बँडचा गायक ऑझी ऑस्बर्नने ५ जुलै २०२५ला बर्मिंगहॅमच्या व्हिला पार्कवर शेवटचा कार्यक्रम केला आणि २२ जुलैला तो गेला. त्यामुळे ‘हा शेवटचा दौरा आहे, पुन्हा बघायला मिळणार नाही’ हे वाक्य चाहत्याच्या काळजाला लागतं. पण याच ऑझीने पहिल्यांदा निवृत्ती जाहीर केली होती ती १९९२मध्ये. किस या बँडचा पहिला निरोपाचा दौरा २०००मध्ये झाला, खरोखरचा शेवटचा कार्यक्रम २ डिसेंबर २०२३ला. ईगल्स या बँडने २००३मध्ये निरोपाच्या नावाने दौरा काढला आणि त्यानंतर वीस वर्षांनीही ते स्टेजवर होते. म्हणून ‘शेवटचा’ या शब्दापायी आजच्या आज पैसे पाठवायची घाई करू नये. फसवणारा तिकीट विकत नसतो, तो ही घाईच विकत असतो.

त्याची पद्धत ठरलेली आहे. विक्री सुरू झाली की तासाभरात तिकिटं संपल्याच्या पोस्ट फिरतात, आणि त्याखाली कुणीतरी लिहितो, ‘एक्स्ट्रा तिकीट आहे, डीएम करा.’ बोलणं व्हॉट्सॲपवर किंवा टेलिग्रामवर जातं. ‘दादा, बहिणीचं लग्न त्याच तारखेला आलंय म्हणून देतोय. एकच राहिलंय. अजून दोघं विचारतायत, पण तुम्ही खरे फॅन वाटताय.’ मूळ किंमत समजा ६,५०० असेल तर तो ६,५००च मागतो, कधी ६,०००. इथेच पहिली शंका यायला हवी. खरा काळाबाजारवाला दुप्पट-तिप्पट सांगतो. विक्रीच्या दिवशीच मूळ किमतीला तिकीट सोडणारा अनोळखी माणूस फार क्वचित भेटतो.

मग पुरावे येतात: आधार कार्डाचा फोटो, ॲपमध्ये तिकीट दिसतंय असं स्क्रीन रेकॉर्डिंग, कधी व्हिडिओ कॉलसुद्धा. या तिन्हीतून काहीच सिद्ध होत नाही. आधारचा फोटो बहुधा आधी फसलेल्या गिऱ्हाइकाचा असतो, कारण हा भामटा ‘विश्वासासाठी तुमचंही आधार पाठवा’ म्हणतो आणि ते पुढच्याला दाखवतो. स्क्रीन रेकॉर्डिंग दुसऱ्याचं असू शकतं. व्हिडिओ कॉलवर दिसणारं तिकीट अगदी खरं असलं, तरी तेच एक तिकीट त्याने वीस जणांना दाखवलेलं असतं.

तुम्ही निम्मे पैसे, ३,००० समजा, पाठवले की पीडीएफ येते. क्यूआर कोड अर्धा झाकलेला असतो, ‘बाकी दिले की पूर्ण देतो.’ बाकी दिले की ‘ट्रान्सफर चार्ज १,९९९, रिफंडेबल आहे’. मग ‘नाव जुळत नाही, दुरुस्तीची फी’. प्रत्येक वेळी रक्कम आधीच्यापेक्षा लहान किंवा परत मिळणारी म्हणून सांगितली जाते, आणि आधी गेलेले पैसे वाचवण्यासाठी माणूस पुढचे घालत जातो. शेवटी तुम्ही चिडून पैसे परत मागितले की तो एक क्यूआर पाठवतो: ‘स्कॅन करून पिन टाका, रिफंड येईल.’ व्यक्तीकडून व्यक्तीला जाणारी कलेक्ट रिक्वेस्ट, म्हणजे ॲपमधून पैसे मागण्याची सोय, यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने १ ऑक्टोबर २०२५पासून बंद केली, पण क्यूआरची ही युक्ती चालूच आहे. यूपीआयचा पिन पैसे देण्यासाठी लागतो. पैसे घेताना पिनही लागत नाही, स्कॅनही करावं लागत नाही.

काही जणांच्या हातात पूर्ण पीडीएफ येते आणि ते निर्धास्त होतात. त्यांना कळतं ते थेट गेटवर. स्कॅनर लाल होतो, ‘आधीच वापरलेलं’ असं येतं. एका क्यूआरवर एकदाच आत सोडतात. पाच जणांना विकलेला असेल तर पहिला पोचणारा आत जातो, उरलेले चार बाहेर. बॉक्स ऑफिसवाला बुकिंगचा मोबाइल नंबर आणि ओळखपत्र मागतो, आणि नंबर तर त्या भामट्याचा असतो. तिकिटाच्या अटींत पुनर्विक्रीला बहुधा मनाई असते, त्यामुळे आयोजकाकडे दाद मागायलाही जागा उरत नाही. अनेक मोठ्या कार्यक्रमांना आता पीडीएफ चालतच नाही. क्यूआर ॲपमध्येच राहतो आणि कार्यक्रमाच्या थोडं आधी उघडतो, नाहीतर नोंदवलेल्या पत्त्यावर मनगटपट्टा येतो. अशा कार्यक्रमाची कुणी पीडीएफ देत असेल तर ती बनावटच.

कोल्डप्ले या बँडच्या जानेवारी २०२५च्या नवी मुंबईतल्या कार्यक्रमांच्या वेळी हे सगळं मोठ्या प्रमाणावर दिसलं. २२ सप्टेंबर २०२४ला विक्री उघडली, आणि लगेच परदेशी पुनर्विक्री साइटवर लाखांचे भाव लागले. त्या साइटशी आपला संबंध नाही, असं अधिकृत तिकीटविक्री करणाऱ्या बुकमायशोला जाहीर करावं लागलं. पुढे ईडीने अनेक शहरांत झडत्या घेतल्या. इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरून बनावट तिकिटं विकली गेल्याचं त्यात पुढे आलं.

मग दुसऱ्याकडून तिकीट घ्यायचंच नाही का? घ्यावं, पण क्रम उलटा करून. आधी त्या कार्यक्रमाच्या तिकिटाला ॲपमधून ट्रान्सफरची सोय आहे का ते बघा. नसेल तर विषय संपला. असेल तर विकणाऱ्याने ते तुमच्या नंबरवर ट्रान्सफर करायचं, तुम्ही तुमच्या स्वतःच्या लॉगिनमध्ये, तुमच्या फोनवर, ते ऑर्डरमध्ये आलंय हे उघडून बघायचं, आणि मगच पैसे. तो कोल्हापूर-सांगलीकडचा असेल तर समोर बसून करा. राजारामपुरीत चहा पिता पिता दहा मिनिटांत होतं. पैसे टाकताना यूपीआयवर बँकेतलं नाव दिसतं. बोलणारा एक आणि नाव दुसऱ्याचंच, ‘मित्राच्या खात्यावर टाका’ असं म्हणाला, तर ते भाड्याने घेतलेलं खातं आहे असं समजून तिथेच थांबा. अधिकृत विक्रीवरही लक्ष ठेवा: आयोजकांनी राखून ठेवलेल्या जागा बऱ्याचदा कार्यक्रमाच्या काही दिवस आधी सोडल्या जातात. सर्च केल्यावर सगळ्यात वर दिसणाऱ्या जाहिरातीवरून तिकीट काढू नका. बँडच्या किंवा आयोजकाच्या अधिकृत पानावरच्या लिंकनेच जा. गुगलवर सापडलेल्या ‘कस्टमर केअर’ नंबरचंही तसंच. तिथला माणूस स्क्रीन शेअर करायला किंवा व्हॉट्सॲपवर आलेली एपीके फाइल (फोनवर ॲप बसवणारी) उघडायला सांगू लागला तर फोन ठेवा, कारण त्यानंतर तिकीट राहतं बाजूला, सगळं खातंच रिकामं होतं.

आपल्या भागात आणखी एक प्रकार चालतो: ‘तिकीट अधिक बस अधिक जेवण’ असं पॅकेज. चाळीस जणांचे पैसे रोख गोळा होतात, पावती मिळत नाही, तिकिटं ‘गेटवर देतो’ असं सांगतात. बस खरोखर निघते, कारण बस ठरवायला आदल्या आठवड्यात थोडे पैसे दिले तरी भागतं. तिकिटं मात्र कधी काढलेलीच नसतात. बसचे आणि तिकिटाचे पैसे वेगळे द्या. तिकीट प्रत्येकाच्या स्वतःच्या नंबरवर निघालं पाहिजे, बसचे पैसे त्यानंतर. चांगला आयोजक याला नाही म्हणत नाही.

पन्नाशीच्या पुढच्या, कॅसेटवर वाढलेल्या चाहत्यांना वेगळ्या पद्धतीने गाठतात, आणि मला हा प्रकार सगळ्यात नीच वाटतो. फेसबुकवर आवडत्या गिटारवादकाच्या पानावर मनापासून काही लिहिलं की त्याच्याच नावाने, त्याच्याच फोटोसह खासगी मेसेज येतो. महिनाभर तो रोज घरची, तब्येतीची चौकशी करतो. मग ‘फॅन कार्ड’, ‘बॅकस्टेज भेट’, आणि पैसे मागतो ते गिफ्ट कार्डाच्या नंबरच्या रूपात, कारण ते एकदा वापरले की माग काढणं अवघड. कुठलाही नावाजलेला वादक चाहत्याकडे गिफ्ट कार्ड मागत नाही. भेटीची पॅकेजं असतात, पण ती अधिकृत साइटवर, कार्डाने पैसे भरून. घरात असं काही दिसलं तर चिडवू नका. लाजेपायी माणूस सांगायचं थांबतो आणि पैसे जातच राहतात.

पैसे गेलेच तर पहिला फोन १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, त्याच क्षणी. पैसे पुढच्या खात्यात सरकायच्या आत कळलं तर बँक ते गोठवू शकते. उशीर झाला की ते तीन-चार खात्यांतून फिरून एटीएममधून निघालेले असतात. फोन करताना बारा आकडी यूटीआर (व्यवहाराचा) नंबर, रक्कम, वेळ आणि समोरचा यूपीआय आयडी हाताशी ठेवा. त्यानंतर राष्ट्रीय सायबर क्राइम पोर्टलवर तक्रार भरून पोच क्रमांक घ्या, बँकेला लेखी कळवा, आणि जवळच्या पोलिस ठाण्यात किंवा जिल्ह्याच्या सायबर पोलिसांकडे जा. चॅट डिलीट करू नका, एक्सपोर्ट करून ठेवा. स्क्रीनशॉटमध्ये नंबर आणि तारीख दिसली पाहिजे. संगणकाच्या आधारे तोतयेगिरी करून फसवणं हा आयटी कायद्याच्या कलम ६६डीखाली गुन्हा आहे, तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक लाखापर्यंत दंड. भारतीय न्याय संहितेचं कलम ३१८ही लागतं.

रिझर्व्ह बँकेने ६ जुलै २०१७च्या परिपत्रकाने आणलेल्या ग्राहकाच्या जबाबदारीच्या नियमावर फार विसंबू नका. कामाच्या तीन दिवसांत कळवलं तर जबाबदारी शून्य, हे तुमच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. स्वतः पिन टाकून पाठवलेल्या पैशांना तो आधार सहसा मिळत नाही. क्रेडिट कार्डाने भरले असतील तर बँकेकडे चार्जबॅक, म्हणजे व्यवहार उलटवून पैसे परत, मागता येतो, म्हणून अनोळखी साइटवर निदान क्रेडिट कार्ड वापरावं. आयोजकाने कार्यक्रम रद्द करून पैसे अडवले असतील तर तो मामला ग्राहक हेल्पलाइन १९१५चा.

गोठवलेले पैसे अनेकदा न्यायालयाच्या आदेशाने किंवा लोकअदालतीतून परत मिळतात, आणि त्याला महिने लागू शकतात. नेमक्या याच काळात दुसरी टोळी फोन करते: ‘सायबर सेलमधून बोलतोय, तुमचे पैसे सापडलेत, प्रोसेसिंग फी भरा.’ पोलिस, बँक किंवा १९३० असे पैसे कधीच मागत नाहीत. तो नंबरही त्याच तक्रारीला जोडा.