बेळगावहून समुद्राला: मालवण धरायचं की कारवार-मुरुडेश्वर?

दिवाळी झाली की आमच्या घरात हा विषय निघतोच. तीन-चार दिवस सुट्टी, गाडी घरचीच, सोबत आई आणि दोन पोरं, आणि सगळ्यांना समुद्र पाहिजे. गोवा बाजूला ठेवतोय, चोर्ला घाटातनं उतरलं की गोवा, त्यातलं नवीन काय सांगणार. उरतात दोन दिशा. एक म्हणजे शिनोळी-चंदगडवरनं आंबोली उतरून सावंतवाडी, वेंगुर्ला, मालवण. दुसरी हुबळी-यल्लापूरवरनं अंकोल्याला उतरून गोकर्ण, होन्नावर, मुरुडेश्वर आणि येताना कारवार. दोन्ही मी स्वतः गाडी चालवून केलेत, मालवण तर लहानपणापासून कितीवेळा ते मोजलेलंपण नाही कारण आमचं अर्धं गणगोत सावंतवाडीत आहे. तरी गेल्या महिन्यात शेजारच्या काकांनी विचारलं, "यंदा कुठं जाऊलालाय?" तेव्हा माझ्या तोंडून कारवार आलं. का आलं ते सांगतो, तुमचं वेगळं असू शकतं.

आधी मालवणच्या बाजूनं बोलतो, कारण तिचा हक्क आहे. जवळ आहे हो. दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेर, पहाटे सहाला निघालं तर आंबोलीत चहा आणि दुपारच्या जेवणाला समुद्र. पावसाळा संपून नुकताच महिना-दीड महिना झालेला असेल तर नांगरतासला अजून पाणी असतं, हिरण्यकेशीचं उगमस्थान रस्त्यापासून थोडंच आत आहे, पोरांचे पाय मोकळे होतात. एकच सांभाळायचं, डिसेंबर-जानेवारीत पाटणे फाटा ते चंदगड भागात उसाच्या ट्रॉल्या असतात, एका ट्रॅक्टरला दोन-दोन, मागं लाल दिवा असेलच असं नाही, त्यामुळं संध्याकाळी अंधार पडल्यावर तो पट्टा मी टाळतो. येताना आंबोलीत धुकं भेटलं तर मग घाईच करायची नाही.

आणि खाणं. याबाबतीत मी कारवारची बाजू घेणार नाही, खोटं कशाला बोलू. मालवणात साध्या घरगुती खानावळीत बसलं तरी सुरमईचा तुकडा, तिसऱ्यांचं सुकं, सोलकढी, सकाळी घावणे नाहीतर आंबोळी आणि काळ्या वाटाण्याची उसळ, एवढ्यावर माणूस तीन दिवस काढतो. सिंधुदुर्ग किल्ला तर आहेच. 1664 साली महाराजांनी पायाचा दगड बसवला, आत दूधबाव, दहीबाव, साखरबाव अशा गोड्या पाण्याच्या विहिरी चारी बाजूंनी खारं पाणी असताना, हे मी माझ्या पोरांना दाखवलंय आणि त्यांनी ते पाणी चाखून बघितलंय. हे दुसरीकडं मिळणार नाही. भाषेचा प्रश्न नाही, आईला कुणाशीपण बोलता येतं, देवळात बसली की तासभर गप्पा. त्यामुळं ज्यांना एका जागी मुक्काम टाकायचाय, एक खोली घ्यायची, तिथंच आंघोळ, तिथंच मासे, तिथंच झोप, त्यांनी पुढं वाचायचीपण गरज नाही, सरळ मालवणला जावा की.

पण "गाडीनं किनाऱ्या-किनाऱ्यानं फिरूया" असं मनात असेल तर मात्र थांबा. माझं मन जिथं फिरलं ते इथंच.

गेल्याच्या गेल्या डिसेंबरात आम्ही भोगव्याला राहिलो होतो, पाट-परुळ्याच्या बाजूनं आत. जागा सुंदर, त्यात वाद नाही. दुसऱ्या दिवशी देवबागला जायचं ठरलं होतं, पोरांना संगमावर होडीत बसायचं होतं. सकाळी भोगव्याच्या वाळूत उभं राहिलं की देवबागचं टोक समोर दिसतं, मधे फक्त कर्लीची खाडी. पलीकडच्या होड्यांचे रंगसुद्धा ओळखू येतात. मी तिथल्या एका काकांना विचारलं, गाडीनं किती वेळ लागेल, तर ते म्हणाले, "रस्त्यान जावचा तर नेरूरपारच्या पुलावरसून फिरान जावक लागतला." मला वाटलं असेल दहा-पंधरा किलोमीटर. परुळ्याला वर आलो, तिथनं नेरूरपार, पूल ओलांडून चौके, मग मालवण शहर, मग तारकर्ली आणि मग देवबाग. समोर दिसणाऱ्या जागेला जायला चाळीसच्या आसपास किलोमीटर, सगळी वळणं, आई मागं लिंबू हुंगत बसलेली.

बरं एवढ्यावर भागलं असतं. तारकर्ली ते देवबाग हा रस्ता ज्यांनी नाताळाच्या आठवड्यात बघितलाय त्यांना सांगायला नको. जमिनीची पट्टीच अरुंद, एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला खाडी, मधे घरं आणि माड, दोन्हीकडं चिऱ्याचे गडगे म्हणजे दगडी कुंपणं आणि त्यातनं जेमतेम एक गाडी जाईल असा रस्ता. समोरनं एसटी आली. मागं सहा-सात गाड्या. एसटीनं मागं जायचं शक्यच नव्हतं, मग आम्ही सगळ्यांनी एक-एक करून रिव्हर्स घेतला, मी कुणाच्या तरी वाड्याच्या बेड्यात, म्हणजे फाटकात, गाडी घातली आणि त्यात डावा आरसा गडग्याला घासला. कुणाची चूक नाही त्यात, गावाचा रस्ता गावाच्या मापाचा आहे, तो त्यांचा रोजचा आहे, गर्दी आमची. पण पोचेपर्यंत दुपारचे साडेबारा, ऊन डोक्यावर, आईला उलटीसारखं होत होतं, आणि होडीतनं फिरून परत येईपर्यंत मला फक्त एकच विचार, आता हे सगळं उलटं करायचंय.

त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा नीट कळलं की सिंधुदुर्गात हायवे एकीकडं आणि समुद्र दुसरीकडं आहे. सावंतवाडी, कुडाळ, कणकवली ही सगळी आतली गावं. प्रत्येक बीचला आत जायचं आणि त्याच वाटेनं बाहेर यायचं, कारण मधे खाड्या. वेंगुर्ला, शिरोडा, रेडी हा पट्टा त्यातल्या त्यात सलग वाटतो. आरवलीचा वेतोबा, शिरोड्याची मिठागरं जिथं 1930 साली सत्याग्रह झाला, रेडीचा गणपती, हे एका दिवसात आरामात होतं. पण वेंगुर्ल्याच्या वर गेलं की परत आत-बाहेर सुरू.

आता कारवारची बाजू. पहिल्यांदा जाताना मीपण नाखूषच होतो, लांब आहे म्हणून. बेळगाव ते मुरुडेश्वर हुबळीवरनं तीनशेच्या वर किलोमीटर होतात आणि यल्लापूरच्या पुढं अरबैल घाटात ट्रकांची रांग असते, ती खरोखर त्रासाची आहे, ट्रकमागं ट्रक आणि ओव्हरटेक करायला जागा नाही. यावर एकच इलाज, पहाटे साडेचार-पाचला बेळगाव सोडायचं आणि नाश्ता यल्लापुरात करायचा. पण एकदा खाली अंकोल्याला लागलं की जे होतं त्यासाठी मी हा सगळा त्रास परत करीन. गंगावळी, अघनाशिनी, शरावती, काळी, चार मोठ्या नद्या समुद्राला मिळतात आणि चारहीवरनं हायवेच पुलावरनं जातो. वळसा नाही. होन्नावरच्या पुलावर आलं की डावीकडं-उजवीकडं नुसतं पाणी, माडांची बेटं, आणि आई जी मालवणला डोळे मिटून बसली होती ती काच खाली करून बघत होती. माझ्यासाठी इथंच निकाल लागला.

एक गोष्ट मात्र मला दुसऱ्या खेपेला कळली, ती आधी कुणी सांगितली असती तर बरं झालं असतं. दक्षिणेला जाताना समुद्र उजव्या हाताला, म्हणजे ड्रायव्हरच्या बाजूला, आणि मधे समोरनं येणारी ट्रॅफिक. थांबायचं म्हटलं तर रस्ता ओलांडायचा. उत्तरेला येताना समुद्र डावीकडं, थांबायची कडपण डावीकडं, आणि बायकापोरं बसतात ती खिडकीपण तीच. म्हणून पहिल्या दिवशी कुठं रेंगाळायचं नाही, सरळ मुरुडेश्वर गाठायचं, मुक्काम तिथं करायचा आणि मग दोन दिवस हळूहळू वर यायचं. शेवटी कारवारहून कद्रा, अणशी, जोयडा, रामनगर, लोंडा, खानापूर करून घरी. गेलेल्या रस्त्यानं परत यायला लागत नाही, पूर्ण गोल होतो. अणशीचं जंगल दिवसा उजेडी पार करा, कारवारमधेच टाकी फुल करून घ्या कारण मधे पंप मोजकेच आहेत, आणि मोबाईलची रेंज बराच वेळ जाते तेव्हा घरी आधी फोन करून ठेवा.

वाटेत काय बघायचं ते ज्याच्या त्याच्या आवडीवर. मुरुडेश्वरचा 123 फुटी शंकर आणि वीस मजली गोपुर पोरांना आवडतं, लिफ्टनं वर गेलं की तिन्ही बाजूंना समुद्र. संध्याकाळी गर्दी होते म्हणून आम्ही सकाळी गेलो. होन्नावरजवळ कासरकोडचा बीच स्वच्छ आहे, लहान पोरांना घेऊन असाल तर मी तोच सुचवीन. कुमठ्याच्या पुढं मिरजानचा किल्ला अवश्य बघा, जांभ्या दगडाचा, हायवेपासून जवळच, आणि गेरसप्प्याच्या राणी चेन्नभैरादेवीचं नाव ह्या किल्ल्याशी जोडलेलं आहे, जिला पोर्तुगीज काळ्या मिरीची राणी म्हणायचे. आमच्याकडं किल्ला म्हटलं की महाराजच आठवतात, ते बरोबरच आहे, पण ही बाई पण पोरांना कळायला पाहिजे असं मला वाटतं. गोकर्णाला हायवे सोडून आत जायला लागतं, तिथं माझी आधीची तक्रार लागू पडते हे मान्य, पण तेवढं एकच. महाबळेश्वराच्या देवळात पुरुषांना शर्ट काढून आत जायला लागतं, धोतर नाहीतर लुंगी गाडीत ठेवा. ओम बीचला खडकांमधे पाणी ओढतं, तिथं पोरांना गुडघ्याच्या वर सोडू नका.

कारवारात शिरतानाच हायवे समुद्राला लागून आहे. बीचला टागोरांचं नाव आहे, तरुणपणी ते इथं भावाकडं येऊन राहिले होते, भाऊ इथं जज्ज होता. वाळूच्या कडेला चपल नावाची जुनी लढाऊ बोट ठेवलीय, माझा धाकटा तिथनं निघायला तयार नव्हता. मात्र कारवारच्या दक्षिणेला नौदलाचा भाग आहे, तिथं दृश्य कितीही चांगलं दिसलं तरी गाडी थांबवून फोटो काढत बसायचं नाही.

खाण्याचं म्हणाल तर मासे इथंपण ताजे, पण मालवणसारखी ती चव मला तरी लागली नाही, कदाचित सवयीचा भाग असेल. उलट आई सोमवार-गुरुवार पाळते आणि एरवीपण मासे कमीच खाते, तिच्यासाठी इथं दर गावात शाकाहारी हॉटेल, गरम इडली, बन्स म्हणजे केळ्याच्या गोडसर पुऱ्या, रसम-भात. मालवणात तिच्यासाठी दर वेळी वेगळं सांगायला लागायचं, डाळ-भात करून द्यायचे ते प्रेमानं, पण तिलाच संकोच व्हायचा. घरात वयस्कर शाकाहारी माणूस असेल तर हा मुद्दा छोटा नाही. भाषा म्हणाल तर कारवारात कोकणी आणि मराठी चालते, होन्नावरच्या खाली कन्नडच, आणि आपल्याला बेळगावात राहून तेवढं येतंच.

दिवस निवडताना बघून घ्या. पावसाळ्यात मी खालच्या किनाऱ्याला जाणार नाही आणि तुम्हालापण जाऊ नका म्हणीन. 16 जुलै 2024 ला अंकोल्याजवळ शिरूरला डोंगर हायवेवर आला, माणसं गेली, रस्ता कित्येक दिवस बंद होता, आणि तीन आठवड्यांनी 7 ऑगस्टला मध्यरात्रीनंतर कारवारचा काळी नदीवरचा जुना पूल पडला. त्या शिरूरवरनं जाताना आता आमच्या गाडीत कुणी बोलत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हाच काळ धरा. महाशिवरात्रीला गोकर्ण आणि मुरुडेश्वर दोन्हीकडं पाय ठेवायला जागा नसते. मालवणला जाणार असाल तर आंगणेवाडीच्या जत्रेची तारीख विचारून मगच खोली बुक करा, ती दरवर्षी देवीचा कौल घेऊन ठरते आणि त्या दिवसांत मालवण-कणकवलीचा सगळा भाग भरलेला असतो. मार्चनंतर दोन्हीकडं उकाडा सारखाच, सकाळी नऊच्या आत पाण्यातनं बाहेर आणि दुपारी पंख्याखाली.

दोनच दिवस हातात असतील तर कारवारचा गोल जमणार नाही, उगीच गाडीतच दिवस जाईल, तेव्हा वेंगुर्ला-शिरोडा करून या, मालवणच्याही पुढं जाऊ नका. चार दिवस असतील, गाडी चालवायची आवड असेल, तर खाली जावा. यंदा जानेवारीत आम्ही परत मुरुडेश्वरच धरलंय. सावंतवाडीच्या आत्याला अजून सांगितलेलं नाही, तिला वाईट वाटणार हे माहीत आहे, म्हणून तिच्याकडं शिमग्याला वेगळं जायचं ठरवलंय, फक्त जेवायला आणि भेटायला, आणि तेव्हा देवबागचं नाव काढायचं नाही असं आईनं आत्ताच बजावलंय.